तिसरा फर्मा

बाइंडरकाकांना कुणी कधी पुस्तक वाचताना पाहिलं नव्हतं. एकेचाळीस वर्षं ते वाचनालयात होते, पण पुस्तकांच्या पुढच्या बाजूला नव्हे, पाठीमागच्या. मागच्या मोठ्या दालनाला लागून त्यांची खोली होती. खिडकीखाली लांबलचक टेबल, एक लोखंडी दाबयंत्र, खळीचं पातेलं, दाभणांचा डबा आणि दोऱ्याची रिळं, एवढ्या संसारावर त्यांनी सहा हजार पुस्तकं उभी ठेवली होती. उभी म्हणजे अगदी शब्दशः उभी, कारण पाठ मोडलेलं पुस्तक फळीवर उभं राहत नाही, शेजाऱ्याच्या अंगावर रेलतं. एवढी पुस्तकं हाताखालून गेली, वाचलं का एखादं, असं कुणी विचारलं की काका म्हणत, शिंप्याने काय सगळ्या गिऱ्हाइकांचे कपडे घालून बघायचे?

खरं सांगायचं तर ते वाचत, पण तुकड्यातुकड्याने. सोळा पानांची एक घडी असते, तिला फर्मा म्हणतात. असे दहा-पंधरा फर्मे एकाखाली एक शिवले की झालं पुस्तक. शिवताना घडी मधोमध उघडावी लागते, तेव्हा समोर येईल तेवढं पान त्यांच्या डोळ्यांखालून जाई. त्यामुळे कितीतरी लग्नं मोडलेली आणि कितीतरी खून पडलेले त्यांना ठाऊक होते. कुणाचं लग्न आणि का खून, ते मात्र ठाऊक नव्हतं, आणि त्यावाचून त्यांचं काही अडलंही नव्हतं.

त्यांना अभिमान होता तो एकाच गोष्टीचा, दुहेरी टाक्याचा. दुसरे बाइंडर फर्म्यातून एकदा दोरा नेतात, काका दोनदा नेत आणि मध्ये एक गाठ मारत. वाचणारा सुटेल पण काकांचं पान सुटणार नाही, असं ग्रंथपाल म्हणायचे. वरवर ते चेष्टेत म्हणायचे, पण काका ते प्रशस्तिपत्र म्हणून घ्यायचे.

आणि एक दिवस त्या सहा हजार पुस्तकांवरच गदा आली.

वाचनालयाच्या समितीने ठरवलं की मागचं दालन बंद करायचं. तिथली पुस्तकं लगदा करायला कागदगिरणीला द्यायची आणि वाचकांसाठी चाळीस ई-रीडर घ्यायचे. एका ई-रीडरमध्ये अख्खं दालन मावतं, झाडं वाचतात, जागा वाचते, असं समितीचं म्हणणं. काकांनी तो ई-रीडर हातात घेऊन उलटासुलटा करून पाहिला. त्याला पाठ नव्हती, कणा नव्हता, टाका घालायला जागा नव्हती. "लहानपणी पाटीवरून वहीवर आलो, आता म्हातारपणी वहीवरून पुन्हा पाटीवर," एवढं बोलून त्यांनी तो परत दिला, आणि तेव्हापासून त्या यंत्राचं नाव वाचनालयात पाटी पडलं.

पण समितीला घाई नव्हती. पर्यावरणाच्या दृष्टीने हे खरंच बरं आहे का, याचा अहवाल आधी यावा, मग गिरणीची गाडी बोलवू, असं ठरलं. अहवालाचं काम नगरपालिकेच्या पर्यावरण खात्याकडे गेलं. तिथे असल्या हिशेबात जिचा हात कुणी धरत नसे, तिच्या टेबलावर ते येऊन पडलं. ती होती काकांची लेक.

लेक बापाच्या वळणावर गेली होती. काका पुठ्ठा एक सूतभर वाकडा कापला तरी फेकून द्यायचे, आणि लेक साडेनऊला कधी दहा म्हणायची नाही. संध्याकाळी जेवायच्या टेबलावर तिने सरळ विचारलं, "बाबा, मी हे काम नाकारू का? लोक म्हणतील, बापाची पुस्तकं म्हणून लिहिलं."

काकांनी थोडा विचार केला. "तू नाकारलंस तर दुसरा कुणीतरी लिहील, आणि त्याने ते दालन बघितलेलंही नसेल. तूच लिही. जे खरं असेल तेच लिही."

हे म्हणताना खरं आपल्याच बाजूचं आहे याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. माणूस खऱ्याचा आग्रह धरतो तो बहुतेक अशाच वेळी.

पुढचे आठ दिवस घरात चहाबरोबर वाद उकळत होता. काकांनी स्वयंपाकघरातला खालचा खण उघडून लेकीपुढे ओतला. त्यात पाच बंद पडलेले फोन, एक फुगलेली बॅटरी आणि कशाच्या आहेत हे कुणालाच सांगता येणार नाही अशा वायरींचा गुंता होता. हे कुठे जाणार, याचा लगदा कोण करणार, आणि यातल्या धातूंसाठी कुणाच्या गावाखालची जमीन खणली, असं त्यांनी विचारलं. लेक म्हणाली, सगळं खरं आहे आणि तिने ते लिहिलंही आहे. एक पाटी तयार करायला जेवढं खर्ची पडतं तेवढ्यात कितीतरी पुस्तकं छापून होतात, आणि चार-पाच वर्षांत ती पाटी या खणात येते. काका खूश झाले. मग लेकीने दुसरं पान उलटलं. मागच्या दालनात ओल येते म्हणून तिथे हवेतली ओल शोषणारी दोन मोठी यंत्रं बाराही महिने चालू असतात. पुस्तकं आधीच छापून झालीत, झाड काही परत येणार नाही, हे कबूल. पण न वाचल्या जाणाऱ्या पुस्तकासाठी वीज मात्र रोज जाते. आणि संगणकातल्या नोंदी सांगत होत्या की मागच्या दालनातल्या एका पुस्तकाला सरासरी एक वाचक आहे.

काकांना हे फार लागलं. ते म्हणाले, तुझ्या संगणकाचा जन्म कधीचा? लेक म्हणाली, सात वर्षांपूर्वीचा. त्याआधीच्या नोंदवह्या ओलीने गेल्या, मग ती तरी काय करणार?

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला वाचनालयातल्या आपल्या खोलीत बोलावलं. इथे काकांची एक जुनी चूक सांगायला हवी. प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून एक चिठ्ठी चिकटवलेली असते. तिच्यावर सभासदाचा क्रमांक, पुस्तक दिल्याची तारीख आणि परत आल्याची तारीख लिहितात. चिठ्ठी भरली की जुनी काढून नवी लावायची असा नियम होता. काकांना जुनी खरवडायचा कंटाळा. ते सरळ तिच्यावरच नवी डकवून मोकळे व्हायचे. पुठ्ठा जाड होतो म्हणून आधीच्या ग्रंथपालांनी यावरून दोनदा लेखी समज दिली होती, आणि काकांनी ती दोन्ही पत्रं पुठ्ठ्यात अस्तर म्हणून वापरली होती.

काकांनी ओला स्पंज एका चिठ्ठीवर दाबून धरला. खळ पिठाची होती, पाणी लागताच सैल झाली. वरची चिठ्ठी सुटून आली, खाली दुसरी निघाली, तिच्याखाली तिसरी. टेबलावर ओळीने सात चिठ्ठ्या मांडून झाल्या तेव्हा लेक खुर्ची ओढून बसली. तिने क्रमांक मोजले. एकशे बारा वेगवेगळी माणसं त्या एका पुस्तकातून गेली होती.

ती म्हणाली की मग प्रश्न कागद की पाटी हा नाहीच. एक वस्तू किती हातांतून गेली, हाच प्रश्न आहे. ज्या पुस्तकाला दहा वेगवेगळे वाचक मिळाले ते ठेवावं, त्याच्यासाठी वीज गेली तर जाऊ दे. ज्याला दहाही मिळाले नाहीत ते गिरणीला. ज्यांना अक्षर मोठं लागतं त्यांच्यासाठी चाळीस नाही, बारा पाट्या पुरतील. काकांनी टेबलावर थाप मारली आणि नियम मान्य केला. दहा म्हणजे दहा, साडेनऊ नाही, हेही त्यांनीच वर सांगितलं. समितीनेही मान डोलावली.

दोन महिने ते दोघं शनिवार-रविवार मोजत बसले. जाड थर असलेली पुस्तकं काका भिजवत, एकाच चिठ्ठीची पुस्तकं लेक उभ्या उभ्या बघून चिठ्ठीच्या कोपऱ्यात नुसता आकडा टाकत असे. सुरुवातीला काकांचा चेहरा लग्नघरातल्या यजमानासारखा होता. हळूहळू तो उतरत गेला. जाड थराची पुस्तकं संपली तरी लेकीच्या बाजूचा ढीग संपेना. वाचक तीन, वाचक दोन, वाचक एक. काही पुस्तकं काकांनी तीन-तीनदा बांधली होती आणि मधल्या काळात ती कुणी उघडलीही नव्हती. ती वाचून मोडलेली नव्हती, ओलीने आणि कसरीने मोडलेली होती. कुणी न बोलावलेल्या पाहुण्यांना आपण वर्षानुवर्षं नवे कपडे शिवत होतो, हे काकांच्या ध्यानात आलं आणि त्यांना मनापासून लाज वाटली.

हिशेब लागला. दोन हजार तीनशे पुस्तकं राहणार होती, आणि जवळजवळ तीन हजार सातशे जाणार होती.

मग रदबदली करणारे येऊ लागले. त्यात पहिले होते निवृत्त मास्तर. त्यांनी तरुणपणी एक पुस्तक लिहून स्वखुशीने वाचनालयाला भेट दिलं होतं. त्याचे वाचक भरले दोन, आणि त्यातले एक खुद्द मास्तर. मोतीबिंदूनंतर मास्तर पाटीवरच वाचायचे, अक्षर बोराएवढं करून, आणि पाटीची स्तुती करताना थकायचे नाहीत. पण आपलं पुस्तक तेवढं कागदावर राहावं असं त्यांना वाटत होतं. निदान मला घरी तरी नेऊ द्या, म्हणाले. काकांनी हात जोडले. एकाला दिलं की दारात रांग लागेल, अपवाद करायचा नाही असं ठरलंय, नियम सगळ्यांना सारखा. मास्तर खाली मान घालून गेले. काकांना वाईट वाटलं, पण ते बधले नाहीत.

अहवालावर सह्या झाल्या आणि गिरणीचं पत्र आलं. गिरणीला फक्त कागद हवा होता. पुठ्ठा, कापड, दोरा लगद्यात चालत नाही. पाठीचं डिंकाचं आणि कापडाचं काम सोडवून, फर्मे सुटे करून द्यावेत, नाहीतर माल घेणार नाही.

म्हणजे ज्याने बांधलं त्यानेच सोडवायचं. ग्रंथपालांनी बिचकत विचारलं, बाहेरून कुणी माणूस बोलावू का? काका म्हणाले, "माझा टाका दुसऱ्याला उसवणार नाही. पानं फाडून ठेवील."

ते कामाला लागले. आधी पुठ्ठा सोडवायचा, मग पाठीवरची खळ ओली करून कापड सोलायचं, मग प्रत्येक फर्म्याच्या मधोमध पातं घालून दोरा कापायचा. दुहेरी टाका कापायलाही दुप्पट वेळ घ्यायचा. त्यांना स्वतःचाच राग यायचा आणि स्वतःचंच कौतुकही वाटायचं. डावीकडे गिरणीचा ढीग, आणि उजवीकडे एक टोपली. ज्या फर्म्यावर जुन्या दुरुस्तीच्या कापडाच्या पट्ट्या इतक्या घट्ट बसल्यात की सुटत नाहीत, तो टोपलीत. टोपलीतला माल गिरणी घेणार नव्हती, तो केराचा.

काम संपत आलं तेव्हा एका दुपारी किरमिजी पुठ्ठ्याची एक कादंबरी त्यांच्या हाती आली. नाव पार पुसलेलं होतं. मागचा पुठ्ठा सोडवताना आतली चिठ्ठी समोर आली, एकच, कारण ती कधी भरलीच नव्हती. लेकीने शिसपेन्सिलीने कोपऱ्यात लिहिलं होतं, वाचक एक. चिठ्ठीवर एकोणीस ओळी होत्या आणि एकोणीसही ओळींत एकच क्रमांक, एकशे एकोणीस.

हा क्रमांक काकांना पाठ होता. घरच्या कपाटात त्या क्रमांकाचं कार्ड अजून होतं. ती लेकीची आई, तीन वर्षांपूर्वी गेलेली.

त्यांनी पुस्तक ओळखलं. त्याला ओळखायला त्यांना नावाची गरजच नव्हती. नोकरीची पहिली दोन वर्षं या पुस्तकाने त्यांच्या नाकी नऊ आणले होते. दर महिन्याला त्याचा तिसरा फर्मा निखळायचा. बाकीचे सगळे जागच्या जागी, फक्त तिसरा. ती ते घेऊन यायची, तेव्हाचे ग्रंथपाल तिला मागच्या खोलीत पाठवायचे, आणि एकवीस वर्षांचा हा बाइंडर कानापर्यंत लाल होऊन तिची माफी मागायचा. माझीच शिवण कच्ची, असं तो म्हणायचा. असू द्या, मला घाई नाही, असं ती म्हणायची आणि तो शिवेपर्यंत खिडकीपाशी उभी राहायची. त्या एका फर्म्यापायी त्यांनी रात्रंदिवस डोकं खाजवून दुहेरी टाका शोधून काढला. त्याच सुमारास त्यांचं लग्न झालं. आणि खरोखरच, दुहेरी टाका घातल्यापासून तो फर्मा पुन्हा कधी निखळला नाही.

ही कथा त्यांनी घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगितली होती. टाका कसा जमला, पुस्तक कसं हार मानून गप्प बसलं, सगळं रंगवून. ती पाण्याचे पेले ठेवता ठेवता छत्तीस वर्षं एकच वाक्य म्हणायची, हो ना, फारच पक्का टाका.

काकांनी चिठ्ठीवरच्या तारखा पुन्हा वाचल्या. तीन तारखेला दिलं, चारला परत. अकराला दिलं, बाराला परत. एकोणीसच्या एकोणीस वेळा एका दिवसात. एवढी जाड कादंबरी एका दिवसात कुणी वाचत नाही, आणि वाचलीच तर एकोणीस वेळा वाचत नाही. त्यांनी तिसरा फर्मा उजेडात धरला. घडीवर त्यांनीच वेळोवेळी लावलेल्या कापडाच्या पट्ट्या थरावर थर बसल्या होत्या. सुईच्या टोकाने त्यांनी एकेका पट्टीची कड उचलून पाहिली. सगळ्यात वरची सोडली तर प्रत्येकीवर त्याच जागी, नखाएवढी, कात्रीची एक बारीक खाच होती. झिजलेला दोरा जागोजागी विरतो, तो असा एका जागी तुटत नाही. हे कुठल्याही बाइंडरने पहिल्याच दिवशी ओळखलं असतं. पण त्या वेळी बाइंडरचं लक्ष फर्म्यावर कुठे होतं?

ते हसले. मग हसता हसता डोळे भरून आले, आणि त्यांनी ते पुसले नाहीत. तिची इतकी आठवण गेल्या तीन वर्षांत त्यांना आली नव्हती. हे गुपित तिने आयुष्यभर जपलं, ते कुणाची फजिती होऊ नये म्हणून, हे त्यांना आत्ता कळत होतं.

लेक कार्यालयातून आली तेव्हा ते तसेच बसले होते. त्यांनी तिला चिठ्ठी दाखवली, खाचा दाखवल्या, सगळं सांगितलं. ती बराच वेळ चिठ्ठीवरून बोट फिरवत राहिली. हा आकडा तिनेच टाकला होता आणि क्रमांकाकडे पाहिलंही नव्हतं.

"बाबा, हे राहू दे," ती म्हणाली. "मी लिहिते कारण. एका पुस्तकाने काही होत नाही."

तिच्या तोंडून असं वाक्य काकांनी पहिल्यांदाच ऐकलं. क्षणभर त्यांचं मन डगमगलं. पुस्तक हातात होतं, पिशवी खुंटीला होती.

"आणि मास्तरांना काय सांगू?" त्यांनी विचारलं.

लेकीने चिठ्ठी टेबलावर ठेवली. काकांनी पातं घेतलं. पहिल्या फर्म्याचा दोरा कापला, दुसऱ्याचा कापला आणि ते डावीकडे ठेवले. तिसऱ्यापाशी ते थांबले, ओला स्पंज लावला, पट्ट्या सोडवायचा अगदी प्रामाणिकपणे प्रयत्न केला. सुटेनात. एकोणीस थर एकमेकांना धरून बसले होते. त्यांनी लेकीला फर्मा दिला आणि तिलाही करून बघायला लावलं. तिने नखाने उचकटून पाहिलं आणि मान हलवली. मग काकांनी नियमाप्रमाणे तो उजवीकडच्या टोपलीत टाकला. उरलेले अकरा फर्मे सोडवून डावीकडच्या ढिगावर रचले आणि हात धुऊन आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीची गाडी आली. ढीग चढवला, गाडी गेली. मागच्या दालनातलं एक यंत्र कायमचं बंद झालं, दुसरं उरलेल्या पुस्तकांसाठी घरघरत राहिलं. टोपलीतला केर कुणाच्याच हिशेबात नव्हता. काकांनी त्यातली सोळा पानं उचलली, वरची धूळ फुंकरीने उडवली आणि खिडकीपाशी उजेडाला बसले. पान तेहतीस. वाक्य अर्ध्यातूनच सुरू होत होतं. त्यांनी त्या पानापासून पान अठ्ठेचाळीसपर्यंत एकही ओळ न गाळता वाचलं. शेवटचं वाक्यही अर्धंच होतं.

लेक टेबल आवरत होती. तिने विचारलं, काय आहे त्यात?

"धक्क्यावर एक बाई बसलीय. एका माणसाची वाट बघतेय. जहाजं येतात, जातात."

"मग? येतो का तो?"

काकांनी पानं घडीवर जुळवून हाताने सारखी केली.

"सोळा पानांत तरी नाही आला," ते म्हणाले. "पण ती काही उठून गेलेली नाही."